प्लाझ्माच्या ओघाचा वेग प्रोबने कसा मोजतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

टोकामॅक या कड्याच्या आकाराच्या संलयन-यंत्रात कडेच्या भागातला प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन यांचा तप्त वायू, चुंबकी क्षेत्ररेषांना धरून वाहतो आणि त्याचा वेग कधी कधी प्लाझ्मातल्या ध्वनिवेगाच्या निम्म्यापर्यंत पोहोचतो, असे या सदरात पूर्वी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा रोख बहुतांशी एकाच गोष्टीकडे आहे. हा वेग मोजला कसा, आणि त्या आकड्यावर किती विसंबावे? म्हणून या वेळची सर्व जागा त्याच विषयाला दिली आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : धातूची पट्टी प्लाझ्मात घालून विद्युतप्रवाह मोजला की कणघनता आणि तापमान कळते, असे आम्ही शिकलो. मग त्याच पट्टीने वेग का कळत नाही? ओघाचा वेग मोजणाऱ्या माख प्रोबला दोन तोंडे कशासाठी लागतात? वाऱ्यासोबत तिरप्या येणाऱ्या पावसात उभ्या माणसाची एक बाजू जास्त भिजते, तेच तत्त्व इथे आहे असे समजावे का? (भौतिकशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : तुम्ही शिकलात ती पद्धत अर्व्हिंग लँगम्यूर आणि त्यांचे सहकारी हॅरोल्ड मॉट-स्मिथ यांनी १९२० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत उभी केली आणि १९२६ मध्ये तिचा सविस्तर सिद्धांत प्रसिद्ध केला. धातूचा तुकडा प्लाझ्माच्या तुलनेत पुरेसा ऋण ठेवला की जवळजवळ सर्व इलेक्ट्रॉन मागे लोटले जातात आणि त्याच्यावर फक्त आयन गोळा होतात. विभव आणखी ऋण केला तरी हा विद्युतप्रवाह फारसा वाढत नाही, म्हणून त्याला आयनांचा संपृक्त विद्युतप्रवाह म्हणतात. तो कणघनता आणि आयन-ध्वनिवेग (प्लाझ्मातला ध्वनिवेग) यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो.

एक उदाहरण घेऊ आणि पुढच्या उत्तरातही तेच वापरू. ड्यूटेरियमचा प्लाझ्मा आहे, दर घनमीटरमध्ये आयनांची संख्या १० चा १९ वा घात इतकी आहे, इलेक्ट्रॉन आणि आयन या दोहोंचे तापमान २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि चुंबकी क्षेत्र २ टेस्ला आहे. या स्थितीत आयन-ध्वनिवेग सेकंदाला सुमारे ४९ किलोमीटर येतो, आणि क्षेत्ररेषांना काटकोनात ठेवलेल्या ४ चौरस मिलिमीटरच्या पृष्ठावर सुमारे १६० मिलिॲम्पिअर विद्युतप्रवाह मिळतो. आता हाच आकडा २१० झाला तर काय समजायचे? घनता वाढली, तापमान वाढले, की प्लाझ्मा या पृष्ठाच्या दिशेने वाहू लागला? एका आकड्यातून या तिन्ही शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून निरोधकाच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाठ केलेले दोन सारखे इलेक्ट्रोड बसवतात आणि दोन्ही एकाच ऋण विभवावर ठेवतात. ओघ ज्या बाजूने येतो तिकडच्या तोंडावर जास्त आयन पडतात, पाठीमागच्या तोंडावर कमी पडतात, आणि दोहोंचे गुणोत्तर काढले की कणघनता गुणोत्तरातून निघून जाते. उरतो तो ओघाचा परिणाम.

हेच काम इलेक्ट्रॉनांवर का सोपवत नाहीत, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईल. वरच्या उदाहरणात इलेक्ट्रॉनांचा औष्णिक वेग सेकंदाला सुमारे २१०० किलोमीटर आहे. प्लाझ्माचा ओघ सेकंदाला १० किलोमीटर असला तर तो इलेक्ट्रॉनांच्या वेगाच्या अर्धा टक्काही नाही. दोन तोंडांतला इतका बारीक फरक एरवीच्या चढउतारांत बुडून जातो. शिवाय इलेक्ट्रॉनांचा संपृक्त विद्युतप्रवाह इतका मोठा असतो की तो ओढून घेताना प्रोब तापतो आणि आसपासचा प्लाझ्माही विस्कळीत होतो.

पावसाचे उदाहरण सुरुवातीला उपयोगी पडते, पण एका जागी ते अडते, आणि या विषयाचे मर्म नेमके तिथेच आहे. पावसाचा थेंब माणूस वाटेत उभा आहे म्हणून आपली वाट बदलत नाही. आयन बदलतात. प्रोबच्या पृष्ठाला लागून अत्यंत पातळ असा धनभारित थर तयार होतो, त्याला शीथ म्हणतात. डेव्हिड बोम यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की स्थिर शीथमध्ये शिरताना आयनांचा वेग निदान आयन-ध्वनिवेगाएवढा असावाच लागतो. हा नियम दोन्ही तोंडांना सारखाच लागू आहे. म्हणजे पाठीमागच्या तोंडापाशी आयन मूळ ओघाच्या उलट दिशेला वळून ध्वनिवेगाने आत शिरतात. त्यामुळे शीथच्या कडेवर दोन्ही बाजूंचा वेग सारखाच असतो आणि फरक पडतो तो तिथल्या कणघनतेत. मूळ ओघाचा वेग आणि कणघनतेतला हा फरक यांचे नाते प्रोब स्वतः सांगत नाही. ते सिद्धांतातून आणावे लागते.

प्रश्न : माझ्या मोजमापात ओघाकडच्या तोंडावर २१० आणि पाठीमागच्या तोंडावर १३० मिलिॲम्पिअर मिळाले. एका सूत्राने माख अंक, म्हणजे ओघाचा वेग भागिले ध्वनिवेग, ०.२१ येतो, दुसऱ्याने ०.४७. दोन्ही सूत्रे प्रतिष्ठित नियतकालिकांतली आहेत. मी कोणते वापरावे? (संशोधक विद्यार्थी, टोकामॅकच्या कडेच्या प्लाझ्मावर काम करणारा)

उत्तर : तुमचे आकडे वरच्या उदाहरणाशी जुळणारे आहेत, त्यामुळे त्यावरच बोलू. गुणोत्तर १.६२ आहे आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम ०.४८. माख अंक ०.२१ म्हणजे सेकंदाला सुमारे १० किलोमीटर आणि ०.४७ म्हणजे सुमारे २३ किलोमीटर. मोजमाप एक आणि वेग दुपटीहून वेगळे, अशी ही स्थिती आहे, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

तीव्र चुंबकी क्षेत्रात आयनांची घूर्णन त्रिज्या, म्हणजे क्षेत्ररेषेभोवती ते घेतात त्या वर्तुळाची त्रिज्या, प्रोबच्या आकारापेक्षा बरीच लहान असते. तुमच्या परिस्थितीत ती सुमारे ०.३६ मिलिमीटर आहे. असे आयन क्षेत्ररेषांच्या बाजूने मोकळेपणाने धावतात, पण रेषा ओलांडून आडवे जाणे त्यांना फार अवघड असते. प्रोब आपल्या तोंडावरून जाणाऱ्या क्षेत्ररेषांच्या नळीतले आयन सतत शोषून घेतो, आणि ती तूट आजूबाजूच्या प्लाझ्मातून आडव्या दिशेने, म्हणजे सावकाश विसरणाने, भरून निघावी लागते. त्यामुळे प्रोबचा प्रभाव क्षेत्ररेषांच्या दिशेने लांबवर पसरतो. या प्रभावित भागाला प्रीशीथ म्हणतात. त्याची लांबी प्रोबच्या आकाराचा वर्ग गुणिले ध्वनिवेग, भागिले विसरणाचा गुणांक, अशी ढोबळपणे काढता येते. प्रोबचा आकार २ मिलिमीटर आणि विसरणाचा गुणांक सेकंदाला १ चौरस मीटर धरला तर ही लांबी सुमारे २० सेंटीमीटर येते. शीथची जाडी ठरवणारी डिबाय लांबी इथे सुमारे १२ मायक्रोमीटर आहे. मिलिमीटरभराचा प्रोब वितीएवढ्या अंतरापर्यंतचा प्लाझ्मा आपल्या दिशेने ओढत असतो, हे चित्र डोळ्यांसमोर असल्याशिवाय माख प्रोबच्या आकड्यांचा अर्थ लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता सूत्रांतल्या फरकाकडे येऊ. पीटर स्टँगबी यांनी १९८४ मध्ये प्लाझ्माला द्रवासारखा मानणाऱ्या द्रव-प्रतिमानातून सूत्र मांडले. त्यात बाहेरून नळीत येणारे आयन आपल्यासोबत बाहेरच्या ओघाचा संवेग आणतात हे धरले होते, मात्र नळीच्या आतला आणि बाहेरचा प्लाझ्मा यांच्यातली श्यानता, म्हणजे वेगवेगळ्या वेगाने वाहणाऱ्या थरांतले घर्षण, धरलेली नव्हती. त्या हिशेबाने शीथच्या कडेवरची कणघनता ओघाकडच्या बाजूला मूळ घनता भागिले (२ वजा माख अंक) इतकी असते आणि पाठीमागे मूळ घनता भागिले (२ अधिक माख अंक) इतकी. ओघ शून्य असेल तेव्हा दोन्हीकडे निम्मी घनता येते, हे बरोबरच आहे. दोन्ही तोंडांच्या प्रवाहांचे गुणोत्तर त्यावरून सहज मिळते, आणि तुमचा ०.४७ हा आकडा तिथून आलेला आहे.

इयन हचिन्सन यांनी १९८७ मध्ये या गृहीताला हरकत घेतली. चुंबकी क्षेत्राला आडवे होणारे विसरण एकेरी नसते. आयन बाहेरून आत येतात तसे आतून बाहेरही जातात, निव्वळ आवक ही या दोन मोठ्या हालचालींतली वजाबाकी आहे. जे आयन बाहेर जातात ते आतला संवेग घेऊन जातात आणि जे येतात ते बाहेरचा संवेग आणतात. म्हणजे कणांचे विसरण ज्या प्रमाणात होते त्याच प्रमाणात संवेगाचेही झाले पाहिजे, आणि श्यानता शून्य धरणे भौतिकदृष्ट्या टिकत नाही. श्यानता धरली की बाहेरचा ओघ नळीतल्या प्लाझ्माला अधिक घट्ट धरून ठेवतो, आणि ओघाकडच्या बाजूच्या मानाने पाठीमागची घनता आणखी घटते. त्या हिशेबाने प्रवाहांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम माख अंकाच्या सुमारे २.३ पट येतो. पुढच्याच वर्षी चुंग आणि हचिन्सन यांनी द्रव-प्रतिमान बाजूला ठेवून आयनांच्या वेग-वितरणावरून गणित मांडले, तेव्हाही गुणक याच परिसरात आला.

दोन प्रतिमानांतले अंतर ध्वनिवेगाला पोहोचलेल्या ओघात सर्वांत स्पष्ट दिसते. पहिल्या सूत्राप्रमाणे तिथे प्रवाहांचे गुणोत्तर ३ यायला हवे, दुसऱ्याप्रमाणे जवळजवळ १०. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की आयनांची घूर्णन त्रिज्या प्रोबच्या मानाने लहान असलेल्या तुमच्या प्लाझ्मात २.३ च्या आसपासचा गुणक वापरावा आणि माख अंक ०.२१ मानावा.

मात्र यासोबत एक काळजी घ्यावी लागेल. माख अंकाचा वेग करताना ज्या ध्वनिवेगाने गुणायचे त्यात इलेक्ट्रॉन आणि आयन अशी दोन्ही तापमाने येतात. काही लेखक ध्वनिवेगाच्या व्याख्येत फक्त इलेक्ट्रॉनांचे तापमान घेतात. दोन्ही तापमाने सारखी असतील तर या दोन व्याख्यांत १.४१ पटींचा फरक पडतो, म्हणून गुणक ज्या व्याख्येने काढलेला आहे तीच व्याख्या शेवटपर्यंत ठेवावी. दुसरे असे की टोकामॅकच्या कडेला आयनांचे तापमान बहुधा इलेक्ट्रॉनांपेक्षा जास्त असते, आणि साध्या लँगम्यूर प्रोबला ते दिसतच नाही. तुम्ही दोन्ही २५ धरलीत आणि प्रत्यक्षात आयनांचे तापमान ५० असेल, तर ध्वनिवेग २२ टक्क्यांनी वाढतो आणि तुमचा वेगही तेवढाच बदलतो. रिटार्डिंग फील्ड ॲनालायझरसारख्या साधनाने आयनांचे तापमान मोजण्याची सोय नसेल तर निबंधात माख अंक द्यावा, वेग त्यापुढे गृहीतासह द्यावा, आणि मूळ गुणोत्तर तर द्यावेच. उद्या गुणक सुधारला तर तुमचे मोजमाप कामी येईल ते त्या गुणोत्तरामुळे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातल्या रेषीय यंत्रात आर्गॉनचा प्लाझ्मा आहे. चुंबकी क्षेत्र ०.०५ टेस्ला, इलेक्ट्रॉनांचे तापमान ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि प्रोबचे तोंड ३ मिलिमीटर रुंद. आमचा प्लाझ्मा चुंबकित आहे, तर आम्हीही २.३ हाच गुणक घ्यावा का? (महाविद्यालयीन प्राध्यापक)

उत्तर : घेऊ नये. प्लाझ्मा चुंबकित आहे की नाही यापेक्षा तुमच्या प्रोबच्या आकाराच्या मानाने आयन चुंबकित आहेत की नाहीत, हे इथे महत्त्वाचे आहे. अशा यंत्रात आयन थंड असतात. त्यांचे तापमान ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरले तरी घूर्णन त्रिज्या सुमारे ४ मिलिमीटर येते, म्हणजे प्रोबच्या तोंडाहून मोठी. शिवाय प्रीशीथमध्ये आयनांना ध्वनिवेगापर्यंत गती मिळते आणि त्या वेगाने मोजली तर ती २२ मिलिमीटरच्या घरात जाते. तुमचे इलेक्ट्रॉन मात्र चांगलेच बांधलेले आहेत, त्यांची त्रिज्या ०.०८ मिलिमीटर आहे. त्यामुळे यंत्र पाहणाऱ्याला प्लाझ्मा चुंबकित दिसतो आणि प्रोबवर पडणारे आयन जवळपास चुंबकी क्षेत्र नसल्यासारखे वागतात.

अशा परिस्थितीसाठी हचिन्सन यांनी २००२ मध्ये गोलाकार प्रोबभोवतीच्या आयनांच्या मार्गांचे संगणन केले, आणि तिथे गुणक सुमारे १.३४ आला. हा गुणक फक्त इलेक्ट्रॉनांच्या तापमानावरून काढलेल्या ध्वनिवेगाच्या पटीत आहे, हे ध्यानात ठेवावे. तुमच्या आर्गॉनमध्ये तो ध्वनिवेग सेकंदाला सुमारे २.७ किलोमीटर आहे. समजा प्रवाहांचे गुणोत्तर १.५ आले, तर १.३४ ने वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर निघतो आणि २.३ ने सुमारे ४७०. तुमची घूर्णन त्रिज्या आणि प्रोबचा आकार फार दूर नाहीत, म्हणून प्रत्यक्षातला गुणक या दोन टोकांच्या मध्ये, पण १.३४ च्या जवळ असण्याची शक्यता जास्त आहे. ही अनिश्चितता आलेखावर त्रुटीपट्टी काढून दाखवावी. विद्यार्थ्यांनाही त्यातून बरेच शिकता येईल.

वायूचा दाबही तपासावा. १ पास्कल दाबाला आर्गॉनचा आयन उदासीन अणूशी टक्कर होण्याआधी काही मिलिमीटरच जातो, आणि वरची दोन्ही गणिते प्रीशीथमध्ये टकरा होत नाहीत असे धरून केलेली आहेत. शक्य असेल तर लेझर-प्रेरित प्रतिदीप्तीने, म्हणजे लेझरने चेतवलेल्या आयनांनी सोडलेल्या प्रकाशावरून, आयनांचा वेग स्वतंत्रपणे मोजून प्रोबचे कॅलिब्रेशन करावे. आर्गॉनचे आयन या पद्धतीला चांगली दाद देतात आणि तिथे प्रकाशाच्या डॉप्लर विस्थापनावरून वेग मिळत असल्याने शीथचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : प्लाझ्माला ओढून घेणारे साधन प्लाझ्माचा वेग सांगते, हे मनाला पटत नाही. प्रत्यक्ष प्रयोगात या आकड्यांची खात्री कशी करतात? (निवृत्त अभियंता)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि प्रयोग करणाऱ्यांनी ती सतत बाळगली पाहिजे. सिद्धांताविषयी वर लिहिलेच आहे, इथे यंत्रापाशी बसून काय पाहावे लागते ते सांगतो.

सर्वांत आधी दोन्ही तोंडांचे क्षेत्रफळ. तासकाम कितीही नीट केले तरी दोन इलेक्ट्रोड तंतोतंत सारखे नसतात, आणि वापरात त्यांच्या कडा झिजतात. एका तोंडाचे क्षेत्रफळ दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांनी जास्त असेल, तर स्तब्ध प्लाझ्मातही गुणोत्तर १.१ येईल आणि माख अंक ०.०४ असल्याचा भास होईल. वरच्या टोकामॅकमध्ये हा सेकंदाला २ किलोमीटरचा खोटा ओघ आहे. यावर खात्रीचा उपाय म्हणजे प्रोब स्वतःभोवती १८० अंशांतून फिरवून तेच मोजमाप पुन्हा घेणे. तोंडांची अदलाबदल झाली की खऱ्या ओघाने लॉगॅरिथमचे चिन्ह उलटते, क्षेत्रफळातली चूक मात्र आहे तशीच राहते, आणि दोन मोजमापांच्या बेरीज-वजाबाकीतून दोन्ही वेगळे होतात. प्रोब फिरवण्याची सोय न ठेवता माख प्रोब बांधू नये, असा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. टोकामॅकच्या कडेला प्रोब स्थिर ठेवता येत नाही. तो वेगाने आत जातो आणि सेकंदाच्या लहानशा भागात बाहेर येतो. इलेक्ट्रोड ग्राफाइटचे, मॉलिब्डेनमचे किंवा टंगस्टनचे करतात आणि निरोधक म्हणून बोरॉन नायट्राइड वापरतात. इतके करूनही आतल्या टोकाला धातू फार तापला तर तो स्वतःच इलेक्ट्रॉन बाहेर टाकू लागतो. बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन आणि आत येणारा धन आयन यांचा विद्युतप्रवाह एकाच चिन्हाचा असतो, त्यामुळे मीटरला दोहोंतला फरक कळत नाही. त्यात ओघाकडचे तोंड जास्त तापते, म्हणून उत्सर्जन तिथे आधी सुरू होते आणि ओघ अचानक वाढल्यासारखा दिसतो. प्रोब आत जातानाचा आणि परत येतानाचा आलेख एकमेकांवर ठेवून पाहावा. ते जुळत नसतील तर परतीचा भाग सरळ सोडून द्यावा.

तिसरी गोष्ट चढउतारांची. कडेचा प्लाझ्मा शांत नसतो, त्यात घनतेचे पुंजके येत-जात राहतात. आधी दोन्ही प्रवाहांची सरासरी काढून मग गुणोत्तर घेतले, तर दाट पुंजक्यांचा वेग त्यात जास्त वजनाने येतो. क्षणोक्षणी गुणोत्तर काढून नंतर सरासरी घेतली तर उत्तर वेगळे येऊ शकते. दोन्हीपैकी कोणतीही रीत चूक नाही, पण कोणती वापरली ते लिहावे, आणि दोन्ही तोंडांचे संकेत एकाच क्षणी नोंदले जातील अशी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असावी.

एवढे सगळे सांभाळल्यावर प्रोबने जे दाखवले ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. इंग्लंडमधील जेट या टोकामॅकमध्ये प्लाझ्माच्या वरच्या भागाजवळ माख अंक ०.५ च्या आसपास मिळाला आणि चुंबकी क्षेत्राची दिशा उलटवल्यावर तो बराच बदलला. अमेरिकेतील अल्केटर सी-मॉडमध्ये आतल्या बाजूला ध्वनिवेगाच्या जवळ जाणारा ओघ आढळला. संगणकीय प्रतिमाने बहुधा याहून कमी वेग देत होती, आणि हा विसंवाद पुष्कळ वर्षे चर्चेत राहिला. अशा वेळी प्रोबवर खापर फोडणे सोपे असते, पण क्षेत्राची दिशा बदलल्यावर प्रोब तोच राहतो आणि ओघ बदलतो, म्हणजे निदान त्या बदलाचे कारण प्रोबमध्ये नाही. शिवाय श्यानता न धरणारे जुने सूत्र वापरले असते तर हा विसंवाद कमी न होता आणखी वाढला असता.

प्रश्न : क्षेत्ररेषांच्या आडव्या दिशेचा ओघ या प्रोबने मोजता येतो का? (संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : येतो, त्यासाठी तोंड क्षेत्ररेषांना तिरपे ठेवावे लागते. तोंड क्षेत्ररेषांना काटकोनात असेल तर समांतर ओघच दिसतो. ते तिरपे केले की आडव्या ओघाचाही वाटा येतो, आणि प्रवाहांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम हा समांतर माख अंक अधिक आडवा माख अंक गुणिले तोंड आणि क्षेत्ररेषा यांमधल्या कोनाचे कोटँजंट, या बेरजेच्या प्रमाणात बदलतो. तोंड एकदा ४५ अंशांवर आणि एकदा १३५ अंशांवर ठेवले तर पहिल्या वेळी दोन्ही माख अंकांची बेरीज आणि दुसऱ्या वेळी वजाबाकी मिळते.

प्रोब फिरवण्याऐवजी वर्तुळाकार निरोधकाच्या परिघावर अनेक इलेक्ट्रोड बसवून सर्व कोनांचे मोजमाप एकाच वेळी घेता येते. कॅनडातील व्हारेन येथील टोकामॅकसाठी १९९२ मध्ये असा प्रोब वर्णिला गेला आणि तो गुंडेस्ट्रुप प्रोब या नावाने ओळखला जातो. क्षेत्ररेषांना जवळजवळ समांतर असलेल्या तोंडांचे आकडे मात्र या सूत्रात बसवू नयेत. तिथे कोटँजंट झपाट्याने वाढते, आयनांची घूर्णन त्रिज्या नगण्य मानता येत नाही, आणि कोन मोजण्यातली लहानशी चूकही मोठी होऊन बसते. तुलनेसाठी प्लाझ्मातल्या विद्युत क्षेत्रावरून अपेक्षित वेग काढावा. दर मीटरला २००० व्होल्ट विद्युत क्षेत्र आणि २ टेस्ला चुंबकी क्षेत्र असेल तर तो सेकंदाला १ किलोमीटर येतो, म्हणजे आपल्या ध्वनिवेगाच्या जेमतेम २ टक्के. हे मोजमाप किती नाजूक आहे याची त्यावरून कल्पना येईल.

प्रश्न : उपग्रहावरही असेच प्रोब असतात का? तिथेही चुंबकी क्षेत्र असतेच. (शालेय शिक्षक)

उत्तर : लँगम्यूर प्रोब असतात, पण आयनांचा ओघ मोजण्याची रीत तिथे निराळी आहे. आयनावरणात पृथ्वीचे चुंबकी क्षेत्र इतके क्षीण असते की १००० केल्व्हिन तापमानाच्या ऑक्सिजन आयनाची घूर्णन त्रिज्या सुमारे ३ मीटर भरते. काही सेंटीमीटरच्या प्रोबच्या दृष्टीने असा आयन सरळ रेषेतच चालतो. दुसरीकडे उपग्रह स्वतः सेकंदाला साधारण ७.५ किलोमीटर वेगाने जात असतो, आणि हा वेग आयनांच्या औष्णिक वेगाच्या सुमारे दहापट आहे. त्यामुळे आयन फक्त समोरच्या बाजूवर पडतात. पाठीमागे जवळजवळ रिकामी पोकळी राहते आणि पुढच्या-मागच्या प्रवाहांचे गुणोत्तर घेण्यात अर्थ उरत नाही.

म्हणून तिथे आयन ड्रिफ्ट मीटर वापरतात. चौकोनी झरोक्यातून आत येणारे आयन चार भागांत विभागलेल्या संग्राहकावर पडतात आणि कोणत्या भागावर किती विद्युतप्रवाह मिळाला यावरून आयन कोणत्या कोनातून आले ते कळते. आयनावरणातला आडवा ओघ सेकंदाला १०० मीटर असेल तर हा कोन केवळ पाऊण अंशाचा असतो. त्यामुळे उपग्रहाचा रोख कोणत्या दिशेला आहे हे अंशाच्या दहाव्या भागापर्यंत माहीत असावे लागते, आणि तेवढी अचूकता राखली तरी त्यातून सेकंदाला सुमारे १३ मीटरची अनिश्चितता वेगात शिल्लक राहते.